साने गुरुजी आणि एक मोळी

यंदा आमच्या वादविवाद स्पर्धेत विषय होता : मुलांची जुनी, कालबाह्य पुस्तके व कार्टून मागे घ्यावीत काय? २०२१ साली अमेरिकेत डॉ. स्यूस यांची सहा पुस्तके त्यांतील वंशभेदी चित्रांमुळे छापणे बंद झाले, हे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले गेले. मी विरोधी बाजूने बोललो आणि हरलो. त्याचे काही नाही. पण प्रतिपक्षाने ‘श्यामची आई’चे नाव घेतले तेव्हा मला उत्तर सुचले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु कर्जापायी सारे गेले. दापोली, औंध, पुणे असे शिक्षण झाले. औंधला ते हाताने स्वयंपाक करीत आणि कित्येकदा अर्धपोटी राहत. (खोली घेऊन भाकरी थापणाऱ्या आम्हां मुलांना हे वेगळे सांगायला नको.) १९१७ साली आई यशोदाबाई वारल्या. ती चुटपुट त्यांना जन्मभर पुरली. एम. ए. होऊन १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, वसतिगृहातील मुलांचे कपडेदेखील धुऊ लागले. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ साली छापली गेली आणि १९५३ साली अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

त्या पुस्तकात एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. ती अस्पृश्य, म्हणून कोणी हात लावीत नाही. आई श्यामला पाठवते, मोळी उचलून द्यायला सांगते आणि मग आंघोळ करायलाही सांगते.

सातवीत हा धडा वाचताना मला आई थोर वाटली होती. आता ती आंघोळ खुपते. माझी आजी मोळ्या विकत असे. परवा तिला तो भाग वाचून दाखवला. आंघोळीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मोळी शेवटी कितीला गेली, एवढेच तिने विचारले.

प्रतिपक्षाचे म्हणणे खोटे नव्हते. कोणी समजावून न देता लहान मूल हे वाचील तर मोळीबरोबर आंघोळही शिकेल. पण ते पान काढून टाकले तर गुरुजी कोठून निघाले हेच कळणार नाही. तो काळ त्यांच्या बालपणाचा, त्या घरचा. आणि ते पोहोचले कोठे? पंढरपूरला. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४६ च्या अखेरीपासून ते महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणास बसले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. ज्याच्या लेखणीतून ती आंघोळ उतरली, त्यानेच आपला जीव पणाला लावला. हे दोन्ही एकाच माणसाचे आहे, आणि मुलांना दोन्ही सांगितले पाहिजे. स्पर्धेत मला हे बोलता आले असते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतरचा देश पाहून ते खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय अवघे पन्नास.

आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. माझे पणजोबा रेणापूरहून पायी वारीला जात, पण चोखोबाच्या समाधीपाशी थांबून परत फिरत. पुढे एका आषाढीला ते आत जाऊन आले, असे घरात सांगतात. साल मात्र कोणाला आठवत नाही.