माणसे जमविणारा कवी

वाचकहो, नागपूरहून रायपूरला जाताना वाटेत राजनांदगाव लागते. 1893 साली नोकरीसाठी तिकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षे वियोग घडला. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

कोकणातील करजगावच्या चित्पावन घराण्यात जन्मलेल्या टिळकांना काव्याची ओढ आई जानकीबाईंकडून लाभली. शिक्षक, कवी, कीर्तनकार, पाळक, ‘ज्ञानोदया’चे संपादक अशा अनेक भूमिका त्यांनी पार पाडल्या. पैसा मात्र त्यांच्यापाशी कधी टिकला नाही. कोणी नाणी जमवितो, कोणी तिकिटे. टिळकांना माणसे जमविण्याचा छंद! अनाथ मुले, विद्यार्थी, तरुण बालकवी ठोंबरे या साऱ्यांना त्यांच्या अहमदनगरच्या घरी आसरा मिळाला.

1917 साली मिशनचे वेतनही सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते निवर्तले.

वाचकहो, आपल्या घरी आपण काय जमवीत आहोत बरे?