सर सय्यद अहमद खान : मुद्देसूद लेखनाचा आदर्श



सर सय्यद अहमद खान यांचे नाव आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. अलीगढच्या विद्यापीठाचे मूळ ज्या महाविद्यालयात आहे त्याचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे व ती तुमच्या रोजच्या अभ्यासाशी अगदी निगडित आहे. सर सय्यद हे उर्दूतील वैचारिक निबंधाचे एक आद्य लेखक होते. एखादा विषय समोरच्याला पटेल अशा रीतीने, साध्या भाषेत व क्रमाने कसा समजावून द्यावा, हे त्यांच्या लेखनावरून शिकता येते. म्हणून आज त्यांचे चरित्र मी याच दृष्टीने तुमच्यापुढे ठेवीत आहे.

परीक्षेत वर्णनात्मक निबंध आला तर विद्यार्थी आनंदाने लिहितात. पावसाळ्यातील एक दिवस, नदीचे आत्मवृत्त यांची तयारी झालेली असते. परंतु वैचारिक विषय आला की पुष्कळांची लेखणी अडते. मग मार्गदर्शकातील पाठ केलेली वाक्ये, दोन-चार सुभाषिते आणि शेवटी एक मोठा उपदेश, असे करून पान भरले जाते. पान भरते, पण विषय समजावून दिला जात नाही. ही अडचण कशी दूर करावी, ते आता या थोर पुरुषाच्या आयुष्यात पाहा.

सर सय्यद यांचा जन्म दिल्लीत १७ ऑक्टोबर १८१७ रोजी झाला. त्यांचे आजोळ मोगल दरबाराशी संबंधित होते. त्यांच्या मातोश्री अजीजुन्निसा बेगम या शिस्तप्रिय व विचारी स्त्री होत्या आणि मुलाच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोठा होता. १८३८ साली वडील वारले. घरची जबाबदारी पडली, तेव्हा तरुण सय्यद यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायखात्यात नोकरी धरली आणि १८४१ साली ते मुन्सफ झाले. न्यायालयात दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, पुरावा पाहावा लागतो आणि निकालाची कारणे द्यावी लागतात. या कामाचा त्यांच्या लेखनावर पुढे कसा परिणाम झाला असेल, हे त्यांची पुस्तके पाहिली म्हणजे ध्यानात येते.

१८४६ साली ते दिल्लीस बदलून आले. तेथील जुन्या इमारतींची माहिती गोळा करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. कुतुबमिनारवरील उंच जागेचे शिलालेख खालून वाचता येत नसत, म्हणून ते दोरांनी टांगलेल्या टोपलीत बसून वर जात व अक्षरे उतरून घेत. या श्रमातून १८४७ साली ‘आसारुस्सनादीद’ हा ग्रंथ तयार झाला. त्याची भाषा मात्र त्या काळच्या रूढीप्रमाणे अलंकारांनी नटलेली होती. इमारत किती जुनी, ती कोणी बांधली, हे कळण्याआधी वाचकाला शब्दांच्या जाळीतून वाट काढावी लागे. १८५४ साली त्यांनी या ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली आणि तो जवळजवळ नव्याने लिहिला. शब्दांचा फुलोरा काढून टाकला, भाषा सोपी केली, सनावळ्या व शिलालेख नीट दिले. पुढे १८६१ साली या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर झाले आणि १८६४ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

मित्रहो, येथे पहिला धडा आहे. ज्या पुस्तकामुळे नाव झाले तेच पुस्तक या गृहस्थांनी सात वर्षांनी पुन्हा लिहिले, कारण वाचकाला माहिती हवी होती. तुम्हीही निबंधाचा कच्चा खर्डा करा. दुसऱ्या दिवशी तो वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न ठेवा : यातून वाचकाला काय कळले? ज्या वाक्यातून काहीच कळत नाही ते कितीही गोड असले तरी काढून टाका.

यानंतर १८५७ साल उजाडले. सर सय्यद त्या वेळी बिजनोर येथे सदर अमीन होते. त्यांनी तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण वाचविले. दिल्लीत त्यांच्या स्वतःच्या घराची मात्र वाताहत झाली. जवळचे नातेवाईक मारले गेले. वृद्ध आईचे अन्नपाण्यावाचून अतोनात हाल झाले. सय्यद यांनी तिला मीरतला आणले, पण थोड्याच काळात ती अल्लाघरी गेली. उठावानंतर अनेक इंग्रज अधिकारी सारा दोष मुसलमानांच्या माथी मारीत होते. सूडाची भाषा सर्वत्र चालू होती. अशा वेळी गप्प राहणे सोयीचे होते. नोकरी सरकारची, कायदा लष्करी आणि संशय कोणावरही येण्याजोगा. तरीही सर सय्यद लिहावयास बसले आणि १८५९ साली त्यांनी ‘असबाबे बगावते हिंद’, म्हणजे हिंदुस्थानातील उठावाची कारणे, हे पुस्तक छापून घेतले.

या पुस्तकाची मांडणी प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रथम त्यांनी लोकांत चालू असलेल्या समजुती घेतल्या. गावोगाव फिरलेल्या चपात्या, रशिया व इराणचे कारस्थान, अयोध्येचे राज्य खालसा होणे, अशा एकेका गोष्टीचा विचार करून ती उठावाचे खरे मूळ का ठरत नाही ते सांगितले. मग आपला मुख्य मुद्दा मांडला : कायदे करणाऱ्या कौन्सिलात एकही हिंदी माणूस नव्हता, म्हणून लोकांचे दुःख सरकारला कळत नव्हते आणि सरकारचा हेतू लोकांना कळत नव्हता. या एका मुद्द्याखाली त्यांनी पाच कारणे क्रमाने दिली. लोकांचा सरकारविषयी झालेला गैरसमज, देशाच्या रीतीला न मानवणारे कायदे, प्रजेच्या स्थितीविषयी सरकारचे अज्ञान, राज्यकर्ते व प्रजा यांच्यातील स्नेहाचा अभाव आणि लष्कराची सदोष व्यवस्था, ही ती पाच कारणे होत. इनाम जमिनी काढून घेणे, जमिनींचे लिलाव, मुद्रांकाचा खर्च, मिशनऱ्यांचा प्रचार अशी लोकांनी स्वतः भोगलेली उदाहरणे त्यांनी या कारणांखाली दिली.

मित्रांनी हे पुस्तक जाळून टाकण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. पाचशे प्रतींपैकी जवळजवळ सर्व त्यांनी विलायतेस पाठविल्या आणि एक हिंदुस्थान सरकारला दिली. बाजारात विकण्यासाठी त्यांनी हे पुस्तक लिहिलेच नव्हते. ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांना कारणे समजावीत, एवढाच हेतू होता. सरकारातील काही अधिकाऱ्यांना हे लेखन राजद्रोहाचे वाटले. परंतु पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर यांच्यासारख्यांनी त्यातील सद्‍हेतू ओळखला. १८६१ च्या कायद्यानंतर कौन्सिलात हिंदी सभासद नेमले जाऊ लागले. तो कायदा या एकाच पुस्तकामुळे झाला असे म्हणता येणार नाही. पण त्या मागणीची कारणे सर सय्यद यांनी आधीच नीट लिहून ठेवली होती, हे खरे आहे.

हा दुसरा धडा. निबंध लिहिण्यापूर्वी विषयाचा प्रश्न करा. व्यसने का जडतात? पाण्याची टंचाई का पडते? त्याचे आपले उत्तर एका वाक्यात लिहा. ते वाक्य म्हणजे निबंधाचा कणा. त्याखाली तीन ते पाच मुद्दे घ्या, प्रत्येक मुद्द्याला एक परिच्छेद आणि एक पाहिलेले उदाहरण द्या. विरुद्ध बाजूचे म्हणणे टाळू नका. ते आधी सांगा, मग त्याला उत्तर द्या. मुद्दे जमले नाहीत तर समजा की विषयाचा अभ्यास अजून व्हावयाचा आहे. त्या वेळी सुभाषिते शोधू नका, माहिती शोधा.

१८६४ साली सर सय्यद यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी काढली. इंग्रजीतील शास्त्र व इतिहास यांची पुस्तके उर्दूत आणणे हा तिचा उद्देश होता. त्याच वर्षी ती अलीगढला आली आणि १८६६ पासून उर्दू व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत तिचे पत्र निघू लागले. एप्रिल १८६९ मध्ये ते आपल्या मुंबई बंदरातून बोटीने विलायतेस गेले. इंग्रजी त्यांना फारशी येत नव्हती. तरीही अॅडिसन व स्टील या निबंधकारांच्या ‘स्पेक्टेटर’ आणि ‘टॅटलर’ या पत्रांनी इंग्रज समाजाला चांगले वळण लावले, ही गोष्ट त्यांच्या मनात भरली. परत आल्यावर डिसेंबर १८७० मध्ये त्यांनी ‘तहजीबुल अखलाक’ हे मासिक सुरू केले.

या मासिकातील त्यांचे निबंध लहान असत. वादविवादावरील निबंधाचा आरंभ त्यांनी दोन कुत्र्यांपासून केला आहे. समोरासमोर येताच ती आधी गुरगुरतात, मग दात विचकतात, मग एकमेकांवर तुटून पडतात. असंस्कृत माणसांचा वादही याच पायऱ्यांनी चढत जातो, हे दाखवून ते सभ्यपणे मतभेद कसा व्यक्त करावा याकडे येतात. आळसावरील निबंधात ते शब्दाचा अर्थच तपासतात. हातपाय न हलविणे एवढाच आळस नसून, बुद्धी व मन यांना काम न देणे हा मोठा आळस होय, असे ते पटवून देतात. ओळखीच्या गोष्टीपासून निघून नव्या विचाराकडे जाणे आणि शब्दाचा अर्थ आधी निश्चित करणे, हा तिसरा धडा.

या लेखनामुळे त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, विरोधात फतवे निघाले. त्यांनी लिहिणे व काम करणे सोडले नाही. २४ मे १८७५ रोजी अलीगढची शाळा सुरू झाली आणि ८ जानेवारी १८७७ रोजी महाविद्यालयाची कोनशिला बसली. १९२० साली त्याचे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. २७ मार्च १८९८ रोजी सर सय्यद पैगंबरवासी झाले व महाविद्यालयाच्या आवारातील मशिदीजवळ त्यांचे दफन झाले.

त्यांची सर्वच मते आपण स्वीकारावी असे नाही. १८८७ पासून त्यांनी काँग्रेसला विरोध केला. मुलींच्या शाळांविषयीही ते फारसे उत्सुक नव्हते. अलीगढला मुलींची शाळा निघाली ती त्यांच्यानंतर, १९०६ साली. त्यांच्या मतांशी आपण असहमत होऊ शकतो. मात्र आपले म्हणणे कारणांसह मांडण्याची त्यांची पद्धत तेव्हाही आपल्या उपयोगी पडते.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाने वा मुलीने लिहिलेला निबंध घरी मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही फार शिकलेले नसाल तरी चालेल. जेथे तुम्हांला कळणार नाही तेथे थांबवून विचारा : म्हणजे काय? असे का? उदाहरण सांग. एवढ्या तीन प्रश्नांनी मुलांचे लेखन सुधारते. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्हांला नोकरीचा अर्ज लिहावा लागेल, नगरपालिकेकडे तक्रार न्यावी लागेल, कधी आपल्या वस्तीचे, आपल्या समाजाचे गाऱ्हाणे मांडावे लागेल. ज्याला आपले म्हणणे मांडता येत नाही, त्याच्याविषयी दुसरेच लोक काहीबाही लिहून मोकळे होतात. १८५९ साली एका सरकारी नोकराने ही वेळ आपल्या लोकांवर येऊ दिली नाही. आज रात्री वही उघडा, एक प्रश्न लिहा आणि त्याखाली तुमचे स्वतःचे उत्तर एका वाक्यात लिहा. निबंधाची सुरुवात तेथूनच होईल.