एक्सप्लेनर : आंघोळ नाकारली, बोर्डिंग सुटलं, कर्मवीर भाऊरावांची साताऱ्यातली पंगत

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला १९५४ मध्ये. त्याच्या तीस वर्षं आधी, १९२४ मध्ये, साताऱ्यातल्या एका वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत होती. हे वसतिगृह कर्मवीर भाऊराव पाटील यांचं.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. घराणं मूळचं सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितलं गेलं. त्यांनी ती केली नाही आणि जैन बोर्डिंग सोडावं लागलं. हॉस्टेलच्या मेसमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतं, हे इंजिनिअरिंगला असताना मीही पाहिलंय. त्यामुळे या प्रसंगापाशी मी थांबतोच.

पुढे ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी फिरले. म्हणजे आजच्या भाषेत फील्ड सेल्स. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

नाव मिळालं, पण पैसा नव्हता. पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकते, हे खटकतं. मुलंही राबायची, त्यातूनच ‘कमवा आणि शिका’ रुजलं.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.