आजीची गायने आणि टिळक

आमच्या आजीला अक्षरओळख नाही, पण रविवारच्या उपासनेत टाळ-मृदंगावर गायन सुरू झाले की तिला पुस्तक लागत नाही. तिने ती गायने तिच्या आईकडून घेतली, वडिलांनी आजीकडून, मी दोघांकडून. ती कोणी रचली हे मात्र घरात कोणी विचारले नव्हते. कॉलेजात आलो, ‘स्मृतिचित्रे’ वाचले, तेव्हा कळले की त्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, ब्राह्मण घरातला. वृत्ती कवीची, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एका ओळीत मावणारी ही घटना, पण तिच्यापायी संसार मोडला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षांनी त्या नगरला पतीकडे आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केले की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःशी केला आणि मगच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. मला श्रद्धा आयती मिळाली. म्हणून ही पाने मी दोनदा वाचली.

टिळक पुढे पाळक झाले, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. पण आमच्यासाठी त्यांचे मोठे काम म्हणजे अभंग-ओवी त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवली. ख्रिस्ती असून मराठी विषय कसा घेतलास, असे वसतिगृहात मला एकाने विचारले होते. त्याला तेव्हा उत्तर देता आले नाही.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य साडेदहा अध्यायांवरच थांबले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. त्याही १९३६ साली गेल्या, आणि शेवटचा अध्याय लिहिला देवदत्ताने, म्हणजे त्याच दत्तूने. १९३८ साली ग्रंथ छापून निघाला.

दिवाळीच्या सुटीत मी ‘ख्रिस्तायन’ ग्रंथालयातून घरी नेले. रोज दिवेलागणीनंतर आजीला वाचून दाखवू लागलो. टिळकांपेक्षा तिला बाईंचेच नवल. शाळेत न जाता एवढे लिहिले कसे, हे तिने तीनतीनदा विचारले. अकराव्या अध्यायाच्या मध्यावर आलो तेव्हा सांगितले, की इथून बाईंचे आहे. आजी सावरून बसली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, आता जरा सावकाश वाच.