मुक्या जीवांचे कैवारी : गाडगे महाराज

विदर्भाच्या पूर्व टोकाला आलापल्लीचे विस्तीर्ण अरण्य आहे. तेथील उंच सागवृक्षांची कीर्ती दूरवर पसरली आहे. आलापल्ली आज गडचिरोली जिल्ह्यात मोडते. परंतु १९८२ पूर्वी हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एक अतिप्राचीन शिलालेख सापडला. सम्राट अशोकाच्या काळात, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, तो कोरला गेला असावा, असे विद्वान मानतात. प्राण्यांना पकडू नये व त्यांची हत्या करू नये, अशा आशयाची आज्ञा त्या शिलेवर कोरलेली आहे.

राजाच्या आज्ञेमागे दंडाचे भय असते. परंतु राज्य गेले की आज्ञाही मावळते. देवटेकची शिला तशीच राहिली. अक्षरे मात्र कोणास वाचता येईनात. पुढे विसाव्या शतकात हीच शिकवण विदर्भातील एका पुरुषाने पुन्हा लोकांच्या दारी नेली. त्याच्यापाशी ना सत्ता होती, ना संपत्ती, ना विद्या. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, डोक्यावर मातीच्या गाडग्याचे खापर आणि हातात खराटा, एवढाच त्याचा संसार. लोक त्यांना गाडगे महाराज अथवा गाडगेबाबा म्हणत.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. आईचे नाव सखुबाई. घरची स्थिती प्रारंभी बरी होती. पण वडिलांना मद्याचे व्यसन जडले. हळूहळू घरदार खालावले, शरीर खंगले आणि १८८४ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्या वेळी डेबू अवघा आठ वर्षांचा होता. सखुबाईला आता माहेरावाचून दुसरा आधार उरला नाही. लहानग्या डेबूला घेऊन ती मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या भावाच्या घरी येऊन राहिली.

मामाच्या घरी डेबूच्या वाट्यास गुरे राखण्याचे काम आले. शाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. रान हीच त्याची शाळा आणि गुरेढोरे हेच त्याचे सोबती. गोठा झाडावा, शेण काढावे, गुरांना चारावयास न्यावे, दुपारी नदीवर पाणी पाजावे आणि दिवस मावळताना घरी परतावे, असा त्याचा दिनक्रम असे. जो गुरांमागे दिवसभर फिरतो, त्याला त्यांची भाषा कळू लागते. कोणता बैल थकला आहे, कोणती गाय आजारी आहे, कोणते वासरू आईसाठी कासावीस झाले आहे, हे त्याला न सांगता उमगते. मुक्या जनावरांना बोलता येत नसले, तरी त्यांना भूक, तहान, वेदना आणि भय ही माणसासारखीच असतात, हा पाठ डेबूने पुस्तकातून नव्हे, तर गोठ्यात आणि रानात गिरवला.

पुढे तो शेतीच्या कामात तरबेज झाला. नांगरणी, पेरणी, खुरपणी, कापणी, कोणत्याही कामात त्याचा हात धरणारा गावात क्वचितच आढळे. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली, तेव्हा अक्षरशत्रू माणसाची कशी नागवण होते, हेही त्याने पाहिले. अज्ञान, व्यसन आणि कर्ज या तीन गोष्टी खेड्यातील माणसाला कशा बुडवितात, याचे विचार तेव्हापासूनच त्याच्या मनात घोळू लागले.

यथाकाळ डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला आणि काही वर्षांनी त्यांना पहिली कन्या झाली. तिच्या बारशाचा दिवस आला. त्या काळी त्यांच्या समाजात अशी रूढी होती की, घरात मंगलकार्य असो वा दुःखाचा प्रसंग असो, जातभाईंना मद्य व मांस यांची पंगत द्यावयाचीच. पदरी पैसा नसला, तर कर्ज काढावे. पण बोकड कापल्यावाचून कार्य पुरे झाले, असे कोणी मानीत नसे. जो ही रीत मोडील, त्याला बिरादरीचा रोष सोसावा लागे. त्या काळच्या खेड्यात जातीचा रोष म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. लग्नकार्यात कोणी बोलावणार नाही, अडचणीत कोणी धावून येणार नाही, मरणाच्या प्रसंगी खांदा द्यावयासही कोणी मिळणार नाही, इतके मोठे संकट त्यातून ओढवू शकत असे.

डेबूजींनी हे सर्व जाणले होते. तरीही त्यांचा निश्चय ढळला नाही. एका जीवाच्या जन्माचा आनंद दुसऱ्या जीवाचा प्राण घेऊन साजरा करावयाचा, ही गोष्ट त्यांच्या मनाला पटेना. ज्या मद्याने आपल्या वडिलांचा घात केला, तेच मद्य आपल्या मुलीच्या बारशाला पाहुण्यांपुढे ठेवावयाचे, हेही त्यांना मानवेना. त्यांनी पाहुण्यांसाठी गोडाचे जेवण करविले. पंगत बसली. मद्य नाही, मांस नाही, हे पाहून जातभाई संतापले. पुष्कळांनी नावे ठेवली. डेबूजींनी कोणाशी वाद घातला नाही. पण आपला निर्णयही बदलला नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगणात एकाही बोकडाचा बळी गेला नाही. पुढे त्यांनी जे कार्य गावोगाव केले, त्याचा आरंभ असा स्वतःच्या घरापासून झाला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. तेव्हा त्यांना एकोणतिसावे वर्ष चालू होते. ते मोक्षासाठी हिमालयाकडे गेले नाहीत. लोकांसाठी खेड्यांकडे वळले. कोणत्याही गावात शिरले की, प्रथम ते रस्ते झाडू लागत. कोणाचे लाकूड फोडून दे, कोणाचे शेतातील काम उरकून दे, असे काही ना काही श्रम करावेत आणि मगच भाकरतुकडा मागावा, असा त्यांचा नेम होता. मिळालेली कोरडी भाकरी मातीच्या पात्रात घेऊन ते झाडाखाली बसून खात. पक्वान्नांच्या पंगतींचा त्यांना कधी मोह पडला नाही. दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री त्यांचे कीर्तन होई. सकाळी गावातील घाण दूर करावी आणि रात्री मनातील घाण दूर करावी, असा जणू त्यांचा क्रमच होता.

त्या काळी गावोगावच्या यात्राजत्रांत पशूंचे बळी देण्याची चाल फार होती. मूल आजारी पडले, पीक बुडाले, पटकीची साथ आली, की लोक देवीला अथवा म्हसोबाला नवस बोलत. नवस फेडावयाचा, तर बोकड अथवा कोंबडे मारावयाचे. ज्या जनावराला घरच्या मुलांनी पाला चारून वाढविले, ज्याच्या गळ्यात हौसेने घुंगूर बांधले, तेच एके दिवशी दोरीने ओढीत देवळापुढे नेले जाई. आपल्याला कोठे नेत आहेत, हे त्या बिचाऱ्याला कळत नसे. देवळाच्या पायऱ्या रक्ताने माखत. त्यानंतर मद्याचे प्याले फिरत आणि भांडणतंटे होत. नवस फेडून घरी परतणारा शेतकरी बहुधा कर्ज घेऊनच परते.

गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनातून या चालीवर कठोर प्रहार केले. त्यांची कीर्तनाची पद्धत निराळी होती. ते लांबलचक निरूपण करीत नसत. श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. सर्व जीव देवाचीच लेकरे आहेत ना, असे विचारले की, सभा एकमुखाने होकार देई. मग एक लेकरू मारून दुसऱ्याच्या कल्याणाचे मागणे मागितले, तर आईबापाला ते कसे आवडेल, हा पुढचा प्रश्न येई. सभा स्तब्ध होई. हसता हसता लोक अंतर्मुख होत. ज्याने सारे जग निर्माण केले, त्याला एका बोकडाची लालूच कशाला हवी, हा विचार कोणा पंडिताच्या ग्रंथातून नव्हे, तर आपल्याच मनातून वर आला आहे, असे प्रत्येकाला वाटे. म्हणूनच तो टिकून राही.

लोकांचे भय दूर करणे हे या कार्यातील खरे अवघड काम होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला बळी थांबविला आणि उद्या घरात कोणी दगावले, तर काय, ही धास्ती अनेकांच्या मनात असे. महाराज त्या भीतीची थट्टा करीत. परंतु भिणाऱ्या माणसाचा तिरस्कार करीत नसत. रोग हा देवीच्या कोपाने नव्हे, तर घाणीने होतो. म्हणून बोकड मारण्यापेक्षा गाव झाडावे, रोग्याला औषध द्यावे, असे ते समजावून सांगत. नवसात उधळावयाचा पैसा मुलांच्या शिक्षणासाठी खर्च करावा, हा त्यांचा आग्रह असे. स्वतः हातात खराटा घेऊन ते हे सर्व करून दाखवीत. त्यामुळे त्यांच्या शब्दांना वजन येई. या शिकवणीने अनेकांनी बळी देणे सोडून दिले.

प्राण्याला मारू नये, एवढ्यावरच महाराजांची दया संपत नव्हती. बैल आयुष्यभर नांगर ओढतो, गाडी वाहतो, मोट ओढतो. त्याच्या श्रमावर शेतकऱ्याचे घर उभे राहते. परंतु तोच बैल म्हातारा झाला की, अनेकदा कसायाच्या दारी जाई. गायीचे दूध आटले की तिचीही तीच गत होई. उपयोग संपला म्हणून माया संपावी, ही कृतघ्नता महाराजांना असह्य होती. मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य सुरू केले. ज्या परिसरात बालपणी त्यांनी मामाची गुरे राखली, त्याच परिसरात गुरांसाठी असा आसरा उभा राहिला.

मुक्या प्राण्यांविषयी असाच विचार जगात इतरत्रही होत होता. इंग्लंडमध्ये १९४४ साली काही विचारवंतांनी एक संस्था स्थापन केली. मांसच नव्हे, तर दूध, अंडी असे प्राण्यांपासून मिळणारे सर्व पदार्थ वर्ज्य करावेत, असे त्या संस्थेचे मत होते. महाराजांची वाट निराळी होती. ज्यांचे सारे जीवन गुराढोरांवर चालते, अशा शेतकऱ्यांमध्ये ते वावरत होते. त्यांनी त्या शेतकऱ्यांना आपल्या जनावरांचे उपकार स्मरावयास शिकविले. वाटा भिन्न असल्या, तरी दोहोंच्या मुळाशी असलेली करुणा एकच होती.

महाराजांनी माणसांसाठीही अपार कष्ट उपसले. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर त्यांनी घाट बांधविला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. अंध, पंगू व रोगी यांच्यासाठी सदावर्ते चालविली. लाखो रुपयांच्या इमारती बांधूनही त्यांतील एक खोली त्यांनी आपल्यासाठी अथवा आपल्या कुटुंबीयांसाठी राखली नाही. कोणी पाया पडू लागला, तर ते आवडत नसे. कोणालाही त्यांनी आपला शिष्य म्हणविले नाही. त्यांच्या शिकवणीचे सार दहा कलमांत सांगितले जाते. भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण, अशी ती कलमे आहेत. त्यांतच पशुपक्षी व मुके प्राणी यांना अभय द्यावे, असेही एक कलम आहे. माणसाची सेवा आणि प्राण्यांची दया या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटत नव्हत्या. जो दुबळा आहे, ज्याला आपले दुःख सांगता येत नाही, त्याच्या बाजूस उभे राहावे, हा त्यांचा एकच धर्म होता.

अखेरपर्यंत महाराजांनी विश्रांती घेतली नाही. शरीर थकले, तरी भ्रमण आणि कीर्तन चालूच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. पुढे चारच वर्षांनी, १९६० साली, प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारताच्या संसदेने संमत केला. अमरावतीच्या विद्यापीठालाही आज महाराजांचे नाव आहे; ज्या मुलाला शाळा मिळाली नाही, त्याच्या नावाने आज हजारो विद्यार्थी पदवी घेतात.

देवटेकच्या शिलेवर राजाने दयेची आज्ञा कोरविली. गाडगे महाराजांनी तीच दया लोकांच्या हृदयावर कोरली. शिलेवरील अक्षरे काळाने झिजतात. परंतु आलापल्लीच्या रानाकडेच्या पाड्यापासून वऱ्हाडातील खेड्यापर्यंत कोठेही एखादे मूल तहानलेल्या वासरापुढे पाण्याची बादली ठेवते, थकलेल्या बैलाच्या मानेवरचे जू उतरवून त्याला सावलीत बांधते, तेव्हा महाराजांची शिकवण तेथे जिवंत असते.