ज्या घरात कॅप्टन कुकचं म्युझियम आहे, ते घर त्याचं नव्हतंच!

इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात कॅप्टन जेम्स कुकच्या नावाचं म्युझियम आहे. पण ते घर त्याच्या मालकाचं, जहाजमालक जॉन वॉकरचं.

१७२८ साली शेतमजुराच्या घरात जन्मलेला जेम्स १७४६ मध्ये वॉकरकडे उमेदवारीला लागला. कोळशाच्या जहाजांवर काम शिकायचं, किनाऱ्यावर आला की याच घराच्या माळ्यावर राहायचं.

१७५५ मध्ये तो ब्रिटिश नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला. १७६८ मध्ये मोठ्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याचं 'एंडेव्हर' जहाजही व्हिटबीतच बांधलेलं, मूळचं कोळसा वाहणारं होतं.

१७७० मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा ब्रिटनच्या नावावर केला. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांना न विचारता. १७७९ मध्ये हवाई बेटावरच्या झटापटीत तो मारला गेला. म्हणूनच आजही कुणी त्याला थोर दर्यावर्दी मानतं, तर कुणी आक्रमणाची सुरुवात.