जोसेफ पॅक्स्टन

इंग्लंडातील एका गरीब शेतकरी कुटुंबात १८०३ साली जोसेफ पॅक्स्टनचा जन्म झाला. अंगच्या हुशारीने तो तेविसाव्या वर्षीच चॅट्सवर्थ येथे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांचा प्रमुख माळी झाला. १८३० च्या सुमारास त्याने बुटक्या केळीचे एक रोप मिळविले. केळ उष्ण प्रदेशातील. तिकडची कडाक्याची थंडी तिला कशी मानवावी? पॅक्स्टनने ती काचगृहात लावली, सकस माती व भरपूर पाणी दिले आणि भट्टीच्या उष्णतेने हवा उबदार राखली. वर्षे लोटली, तरी फूल येईना. परंतु त्याने धीर सोडला नाही. अखेर १८३५ च्या नोव्हेंबरात केळफूल आले आणि पुढील मे महिन्यात घडावर शंभराहून अधिक केळी दिसू लागली. धन्याच्या नावावरून त्या केळीस कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. १८६५ साली पॅक्स्टन वारला. महाराष्ट्रातील बसराई केळ याच बुटक्या जातीची आहे.